ऑस्ट्रेलियातल्या गावचौकातलं युद्धस्मारक आणि ते घडवणारा पाथरवट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनी किंवा मेलबर्न मागे टाकून गाडी आतल्या शेतीच्या मुलखात शिरली की थोड्या थोड्या अंतराने गावं लागतात. एक पब, एक पोस्ट, धान्याचं उंच कोठार, आणि चौकात किंवा बागेत एक दगडी स्मारक. मराठी मंडळी तिथे उतरतात, फोटो काढतात, नावं वाचतात आणि मग प्रश्न विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. स्मारकावर कोणाकोणाची नावं आहेत हे सगळेच सांगतात. दगड कोणी घडवला हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून उत्तरांत त्या माणसाला जरा जास्त जागा दिली आहे.

वस्ती पाचशेची, आणि स्मारक एवढं मोठं कसं?

कारण वस्ती तेव्हाही लहान होती आणि गेलेली माणसं पुष्कळ होती. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या ५० लाखांहूनही कमी होती. त्यातले ४ लाखांहून जास्त पुरुष सैन्यात दाखल झाले आणि ६० हजारांहून जास्त मेले. ज्या तालुक्यात शंभर-दीडशे घरं, तिथे दोन-तीन भावांची नावं एकाखाली एक दिसतात, ती याच हिशेबाने.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. यातला जवळपास एकही मृतदेह घरी आला नाही. ब्रिटिश साम्राज्याचं धोरणच तसं होतं : सैनिक जिथे पडेल तिथेच त्याला पुरायचं, मग तो लॉर्डचा मुलगा असो की मेंढपाळाचा. मेजर जनरल ब्रिजेस १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत जखमी होऊन वारले. त्यांचा देह तेवढा परत आणून कॅनबेऱ्यातल्या डन्ट्रून इथे पुरला. त्यानंतर थेट १९९३ मध्ये एक अज्ञात सैनिक फ्रान्समधून आणून कॅनबेऱ्याच्या युद्धस्मारकात ठेवला गेला. बाकी सगळे तिकडेच. हजारोंना तर कबरसुद्धा नाही. त्या काळात क्वीन्सलंडच्या एखाद्या शेतकरणीला बोटीने फ्रान्सला जाऊन मुलाच्या कबरीवर फूल वाहणं परवडण्यासारखं नव्हतं. ती चौकातल्या दगडाकडे जायची. या स्मारकांकडे विजयस्तंभ म्हणून पाहिलं तर काहीच कळत नाही. गावाने मिळून बांधलेली ही कबर आहे, फक्त आत कोणी नाही.

म्हणजे हे सरकारने बांधलं नाही?

नाही. गावाने वर्गणी काढली. समिती नेमायची, नाचाचे कार्यक्रम, जत्रा, सोडती, बायकांनी केलेल्या केक-मुरंब्याची विक्री, असं करत पैसा उभा राहायचा. वाद तर ठरलेलेच. एक गट म्हणायचा की दगडावर पैसे घालण्यापेक्षा दवाखाना किंवा सभागृह बांधा. दुसरा म्हणायचा की सभागृहात लोक नाचतील आणि नावं विसरतील. जागेवरून, आकारावरून, नावांवरून वर्षानुवर्षं भांडणं चालली आणि काही ठिकाणी स्मारक उभं राहायला युद्धाइतकाच किंवा जास्त वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र उपयोगी वस्तूवाल्यांची सरशी झाली. 'मेमोरियल हॉल' आणि 'मेमोरियल पूल' नावाचे पोहण्याचे तलाव जिकडेतिकडे दिसतात, ते तेव्हाचे.

दगड घडवणारा कोण असायचा? मोठा शिल्पकार?

बहुतेक वेळा नाही. तालुक्याच्या गावात कबरींचे दगड करणारा जो पाथरवट असायचा, त्यालाच काम मिळायचं. पैसा बेताचा, आणि त्याचं काम लोकांनी स्मशानात पाहिलेलं. समितीतल्या निम्म्या लोकांच्या आजोबांचा दगड त्यानेच घडवलेला.

मला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट ज्या कामाला कबरीच्या जागी उभं राहायचं आहे, ते कबरींचे दगड घडवणाऱ्या हातांनीच केलं हे योग्य झालं. शहरातल्या वास्तुविशारदांना आणि कलावंतांना तसं वाटत नव्हतं. कबरस्तानातलं नक्षीकाम चौकात आणून ठेवलं म्हणून ते नाकं मुरडत. न्यू साउथ वेल्समध्ये १९१९ च्या कायद्याने सार्वजनिक स्मारकांचे आराखडे तपासायला सल्लागार मंडळ नेमलं गेलं. क्वीन्सलंडमध्ये तसा चाप सुरुवातीला नव्हता, म्हणून तिथे पाथरवट आणि गाव यांनी मिळून आपल्याला हवं तेच केलं.

क्वीन्सलंडमधल्या काही पेढ्यांची नावं तर पुन्हा पुन्हा भेटतात. ब्रिस्बेनच्या टूवाँग भागातली ए. एल. पेट्री अँड सन, इप्सविचची फ्रँक विल्यम्स अँड कंपनी, उत्तरेकडे मेलरोझ अँड फेनविक. यातले अँड्र्यू लँग पेट्री तीसेक वर्षं क्वीन्सलंडच्या विधानसभेत आमदारही होते. दगड आणि राजकारण, दोन्हीत घाव कुठे घालायचा हे कळावं लागतं.

एखाद्या गावच्या पाथरवटाबद्दल नीट सांगा ना. नुसत्या पेढ्यांची नावं काय कामाची?

मग गंडगाईला चला. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्या हमरस्त्यावर, मरमबिजी नदीकाठी, न्यू साउथ वेल्समधलं हे गाव. इथला पाथरवट फ्रँक रस्कोनी. जन्म १८७४ चा, त्याच राज्यातल्या आरालुएन या सोन्याच्या खाणींच्या गावी. संगमरवराचं काम तो युरोपात शिकला, मग मायदेशी परतून गंडगाईत त्याने आपलं दुकान थाटलं आणि १९६४ मध्ये वारेपर्यंत त्याची ओळख त्याच गावाशी जोडलेली राहिली.

पोट भरायचं ते कबरींच्या दगडांवर. पण संध्याकाळी आणि सुट्टीत तो स्वतःसाठी एक वस्तू करत बसायचा : न्यू साउथ वेल्समधल्या वेगवेगळ्या रंगांच्या संगमरवराची, सुमारे सव्वा मीटर उंचीची, युरोपातल्या राजवाड्यासारखी इमारत. २०,९४८ तुकडे, प्रत्येक हाताने कापलेला आणि घासलेला. २८ वर्षं लागली. गंडगाईच्या पर्यटन केंद्रात ती आजही ठेवलेली आहे. इथल्या दगडाला इटलीच्या दगडाची सर येते हे त्याला सिद्ध करायचं होतं, आणि ज्याने ती पाहिली आहे तो या बाबतीत वाद घालणार नाही.

देशाला मात्र तो वेगळ्याच कामामुळे माहीत आहे. गावापासून पाच मैलांवर रस्त्याकडेला शिदोरीच्या पेटीवर बसलेला कुत्रा आहे. बैलगाडीवाल्यांच्या जुन्या गाण्यांतला हा कुत्रा पहिल्या वसाहतकारांचं स्मारक म्हणून रस्कोनीने घडवला. तो ब्राँझमध्ये ओतला गेला आणि २८ नोव्हेंबर १९३२ ला पंतप्रधान जोसेफ लायन्स यांनी त्याचं अनावरण केलं. अठ्ठावीस वर्षांची कारागिरी काचेत, आणि गर्दी कुत्र्याभोवती. ग्रामीण कारागिराची कीर्ती अशीच असते.

सैनिकाचा पुतळा सगळीकडे सारखाच का दिसतो?

तो 'डिगर'. ऑस्ट्रेलियन सैनिकाला तिथे प्रेमाने डिगर म्हणतात. एका बाजूने वर दुमडलेली रुंद काठाची टोपी, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या, बंदूक उलटी करून नळी खाली टेकवलेली, दोन्ही हात दस्त्यावर, मान खाली. सैनिकी अंत्ययात्रेत पहारेकरी असा उभा राहतो. म्हणजे पुतळा लढत नाही, सुतकात आहे. क्वीन्सलंडमध्ये हा प्रकार सर्वांत जास्त. इतर राज्यांत साधा चौकोनी निमुळता स्तंभ जास्त दिसतो, कारण तो स्वस्त पडायचा आणि सल्लागार मंडळांनाही चालायचा.

सारखेपणाचं कारण व्यवहारी आहे. काही पुतळे स्थानिक पाथरवट स्वतः कोरायचे, पण बरेच इटलीत, कॅराराच्या संगमरवरात, छायाचित्रं पाठवून करून घेतले गेले. ज्या कोरणाऱ्याने ऑस्ट्रेलियन माणूस कधी पाहिलाच नव्हता, त्याने केलेला चेहरा कधीकधी टस्कनीतल्या तरुणाचा वाटतो. गावकऱ्यांना ते खटकलं नाही असं नाही. परदेशी पुतळा कशाला, आपला दगड आणि आपले कारागीर काय मेलेत, असे सवाल तेव्हाही झाले.

पुतळ्याच्या पायामागे झाडाचा बुंधा कशासाठी? काही प्रतीक आहे का?

लोक त्यात तुटलेलं आयुष्य वगैरे वाचतात, आणि कबरस्तानात तुटक्या झाडाचा तसा अर्थ असतोही. पण इथे मुख्य काम आधाराचं. संगमरवर दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. उभ्या माणसाचं सगळं वजन दोन बारीक घोट्यांवर आलं तर दगड तिथेच तडकतो. म्हणून बुंधा. ब्राँझच्या पुतळ्याला तो लागत नाही. ब्रोकन हिल या खाणीच्या शहरातला, वेब गिल्बर्ट या नावाजलेल्या शिल्पकाराचा ब्राँझचा सैनिक बघा. हातबॉम्ब फेकायच्या पवित्र्यात सगळं अंग ताणलेलं, आधाराला काही नाही. गावच्या पाथरवटाला दगडात ते जमणारं नव्हतं, आणि गावाला हवंही नव्हतं.

फक्त पुरुषच का?

पुतळ्यांत जवळपास तसंच. सुरेख अपवाद क्वीन्सलंडच्या गॅटन गावात आहे. चबुतऱ्यावर सैनिक नाही, मान खाली घातलेली रडणारी आई आहे. तीही इप्सविचच्या फ्रँक विल्यम्सच्या कारखान्यातलीच. नावांच्या यादीत मात्र परिचारिका सापडतात, बहुधा शेवटी.

दगड कुठला?

जवळ जो मिळेल तो, कारण वाहतूक महाग. व्हिक्टोरियात 'ब्लूस्टोन' म्हणतात तो बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा भाऊबंद, शिवाय हारकोर्टचा ग्रॅनाइट. न्यू साउथ वेल्समध्ये बोरलजवळच्या डोंगरातला, व्यापारात 'ट्रॅकाइट' म्हणून ओळखला जाणारा कठीण करडा दगड. क्वीन्सलंडमध्ये हेलिडनचा वालुकाश्म. समुद्रकाठच्या मोरुयाचा ग्रॅनाइट सिडनीच्या हार्बर ब्रिजच्या मनोऱ्यांना लागला आणि तिथल्याच मार्टिन प्लेसमधल्या मोठ्या स्मारकालाही.

वालुकाश्म घडवायला सोपा, पण त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. म्हणून चबुतरा वालुकाश्माचा आणि नावांची पाटी संगमरवराची, अशी जोडी सर्रास दिसते. ग्रॅनाइट वर्षानुवर्षं हलत नाही, पण टाकीचं तोंड लगेच बोथट करतो आणि मजुरी वाढवतो.

नावं इतकी रेखीव आणि काळी कशी? रंगवलेली आहेत?

बहुतेक ठिकाणी ते शिसं आहे, आणि हे काम बघण्यासारखं आहे. पांढऱ्या संगमरवरावर आधी ओळी आखून अक्षरं रेखाटायची. मग प्रत्येक अक्षर उथळ, उभ्या कडांचं कोरायचं. त्या खाचेत बारीक भोकं पाडायची, तीही तिरकी, एक इकडे झुकलेलं तर एक तिकडे. वर शिशाची पट्टी ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायची. मऊ शिसं भोकांत शिरतं आणि तिरक्या भोकांमुळे आतून पकड घेतं. वर उरलेलं धारदार छिन्नीने तासून टाकायचं आणि सगळी पाटी घासून एकसारखी करायची. हात फिरवला तर अक्षर लागतसुद्धा नाही.

एका नावात दहा-बारा अक्षरं, पाटीवर ऐंशी नावं. आता हिशेब करा की किती भोकं झाली. आणि लहान गावात हे काम करणारा माणूस त्या ऐंशीतल्या निदान काहींना ओळखत असणार. दगडावरची चूक खोडरबराने पुसता येत नाही. एक अक्षर चुकलं तर पाटी बदला, नाहीतर आयुष्यभर त्या घरच्यांच्या नजरेला तोंड द्या.

ग्रॅनाइटवर अक्षर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेत कोरतात आणि कधी वर सोन्याचा वर्ख देतात. आजकाल रबरी साचा चिकटवून वाळूच्या झोताने काम होतं. तेही स्वच्छ असतं, पण कडा वेगळ्या दिसतात. एकाच स्मारकावर १९२० सालची आणि नंतरची अक्षरं शेजारी असली तर फरक लगेच कळतो.

मेलेल्यांबरोबर जिवंत परतलेल्यांची नावं कशाला?

हे ऑस्ट्रेलियाचं वैशिष्ट्य आहे, ब्रिटन-फ्रान्समध्ये असं फारसं दिसत नाही. त्या युद्धात ऑस्ट्रेलियात सक्तीची भरती झाली नाही. सरकारने १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा जनमत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी सक्ती नाकारली. म्हणजे जो गेला तो स्वखुशीने गेला, आणि गावाला तेच कोरायचं होतं. मेलेल्यांच्या नावापुढे तारा किंवा क्रूस असतो. हुद्दा बऱ्याचदा नसतो, नावं आडनावाच्या क्रमाने.

याची दुसरी बाजू कडू आहे. गेलेल्या सगळ्यांची नावं दगडावर आली म्हणजे न गेलेल्यांची यादीही गावाला आपोआप मिळाली. अनावरणाच्या दिवशी सगळे सारख्याच अभिमानाने उभे असतील असं समजू नका.

आपल्याकडच्या वीरगळांसारखंच हे म्हणायचं का?

साम्य कमी आहे. वीरगळावर गोष्ट असते : खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन निघाल्या आहेत, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. नाव मात्र बहुतेक वीरगळांवर नसतं. ऑस्ट्रेलियात उलटं : गोष्ट नाही, नुसतं नाव.

खरी तुलना त्याच युद्धातल्या आपल्याकडच्या पाट्यांशी करावी. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत इंग्रजांनी बसवलेल्या संगमरवरी पाट्या पाहिल्या असतील. मजकूर ठरलेला : या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांतील इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावं नाहीत. युद्ध तेच, राजा तोच. फरक असा की तिकडची पाटी गावाने वर्गणी काढून आपल्याच पाथरवटाकडून करून घेतली आणि आपल्याकडची सरकारने पाठवली. नावं गोळा करायला गावात कोणीतरी घरोघर जावं लागतं. मला ही पाटी वाचताना राग येतो, आणि तो येऊ नये असं वाटतही नाही.

ऑस्ट्रेलियन आणि मराठी सैनिक कुठे एकत्र होते का?

हो, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. भारत सरकारच्या विनंतीवरून १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने 'हाफ फ्लाइट' नावाची छोटी विमान तुकडी तिकडे पाठवली. ती सहाव्या पुणे डिव्हिजनच्या मोहिमेत होती आणि त्याच डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत इथे शरणागती झाली तेव्हा मराठे आणि त्या तुकडीतले काही ऑस्ट्रेलियन मेकॅनिक एकत्रच तुर्कांच्या कैदेत गेले. त्या मेकॅनिकांपैकी बहुतेक कैदेतच मेले. गॅलिपोलीला २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलियनांबरोबर उतरलेली २६वी (जेकब्ज) माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफांची तुकडी, हीही भारतीय सैन्याचीच, पण तिच्यात मराठे नव्हते.

काही ठिकाणी युद्धाची वर्षं १९१४–१९१८ आणि काही ठिकाणी १९१४–१९१९. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. तोफा नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबल्या, व्हर्सायचा तह जून १९१९ मध्ये झाला.

दगडाऐवजी झाडं लावलेली गावं आहेत, खरं का?

आहेत, आणि वेळ काढून बघा. व्हिक्टोरियात बॅलरॅटला सुमारे २२ किलोमीटर रस्त्याच्या दुतर्फा ३,७७१ झाडं लावली गेली, प्रत्येक झाड एका माणसाचं, भरती झालेल्या क्रमाने. लुकस कपड्यांच्या कारखान्यातल्या मुलींनी पैसा उभा केला आणि झाडंही लावली. क्वीन्सलंडमधल्या रोमा गावात मेलेल्यांसाठी ९३ बाटलीझाडं लावली गेली, फुगीर बुंध्यांची. पाथरवटाचं काम तिथे पाट्यांपुरतंच.

स्मारक मळलेलं दिसलं तर आपण साफ करावं का?

करू नका. हेतू चांगला असला तरी जास्तीत जास्त नुकसान अशा सफाईनेच होतं. जोरदार पाण्याचा फवारा संगमरवराची वरची कातडी उडवतो आणि शिशाची अक्षरं सैल करतो. आम्ल आणि ब्लीच तर विचारूच नका. तारेच्या ब्रशाने राहिलेले लोखंडाचे कण नंतर गंजून डाग पाडतात. जाणकार माणूस साधं पाणी, मऊ ब्रश आणि धीर एवढ्यावर सुरुवात करतो.

आतला शत्रू वेगळा आहे. दगड एकमेकांवर बसवताना मध्ये लोखंडी खुंट्या घालत. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. मग सांधे चुन्याऐवजी सिमेंटने भरलेले असले तर ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. दुरुस्तीला राज्य आणि केंद्र सरकारची अनुदानं मिळतात, पण अर्ज नगरपालिकेने किंवा स्मारकाच्या विश्वस्तांनी करायचा असतो, आपण नव्हे. आपण फोटो काढून नगरपालिकेला कळवावं.

असे पाथरवट आज उरले आहेत का?

थोडे. कबरींच्या दगडांचा धंदा आता बराचसा भारत आणि चीनहून आलेल्या, कापून चकाकी दिलेल्या ग्रॅनाइटवर चालतो. शिशाची अक्षरं हाताने बसवणारे शोधावे लागतात. जुनं स्मारक कोणी केलं हे पाहायचं असेल तर चबुतऱ्याच्या मागच्या बाजूला, अगदी जमिनीलगत बघा. पेढीचं नाव आणि गाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं.

यादीतलं एखादं नाव शोधायचं असेल तर?

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नोंदी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट पाहण्यासाठी ठेवल्या आहेत. वय, धंदा, घरच्यांचा पत्ता, जखमा, शिक्षा, सगळं त्यात असतं. मेलेल्यांची यादी कॅनबेऱ्याच्या युद्धस्मारकाकडे आहे. ती ३१ मार्च १९२१ पर्यंतचे मृत्यू धरते, म्हणून विषारी वायूने फुप्फुसं गेलेला माणूस १९२५ मध्ये वारला असेल तर तो तिच्यात सापडणार नाही. एकच माणूस जन्मगावच्या, शाळेच्या आणि नोकरीच्या गावच्या अशा तीन दगडांवरही असू शकतो. आणि काहीच सापडलं नाही तर दुसऱ्या नावाने भरती झाला होता का ते तपासा. वय लपवायला किंवा घरच्यांना चुकवायला तसं करणारे बरेच होते.